दर पाऊण तासाला

चंद्रशेखरांनी चहाचा भरलेला कप सिंकमध्ये ओतला, खळखळून विसळला आणि पालथा घातला. कुणी पाहिलं नव्हतं. उपासतापासांना जन्मभर नावं ठेवणाऱ्या या गृहस्थाने चौऱ्याहत्तराव्या वर्षी चक्क निर्जळी धरली होती.

बाहेर त्यांचा मुलगा मोहन गाडीत चार रिकाम्या बॅगा बसवत होता. इथे डिसेंबरात ऐन उन्हाळा; मुलगी सानिकाच्या शाळेला सुट्टी लागली की भर थंडीतल्या इटलीत गाडी भाड्याने घेऊन फिरायचा बेत होता. मोहन पडला सॉफ्टवेअरवाला. चाचणी घेतल्याशिवाय तो नवा टोस्टरसुद्धा वापरत नसे. त्यामुळे आज रंगीत तालीम होती.

"आपलं हॅमिल्टन म्हणजे रोम, तळ्याकाठचं टाउपो म्हणजे नेपल्स," त्याने जाहीर केलं. "दोन तास, मध्ये थांबा नाही. संध्याकाळी तिकिटं काढायची. बाबा, तीन की चार, ते तोवर सांगा."

"मला थंडी सोसत नाही रे. तुम्ही तिघं जाऊन या."

थंडीचं नुसतं निमित्त होतं. चंद्रशेखरांनी मायदेशी बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं पूल बांधले होते. रोमला दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पुलावरून माणसं अजून ये-जा करतात, हे त्यांनी कॉलेजात वाचलं तेव्हापासून तो पूल त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. जीव तिथे जायला आसुसला होता. पण प्रोस्टेटने पार लाज काढली होती. मागच्या महिन्यात जवळच्या मॉलमध्ये पार्किंगपासून आतल्या स्वच्छतागृहापर्यंतही निभावलं नाही. घरी येऊन त्यांनी स्वतःच पँट धुतली आणि ज्यूस सांडला म्हणून सांगितलं. सून नीलांबरी फार्मसिस्ट, म्हणून गोळ्या तिच्या दुकानातून न घेता दोन बस बदलून दुसरीकडून आणत. घरच्या गोष्टीचा घरातच बभ्रा नको.

गाडी निघाली. पुढे नवरा-बायको, मागे आजोबा आणि नात. चाळीस मिनिटं बरी गेली. मग पोटात ओळखीची कळ उठली. निर्जळी कुचकामी ठरली होती. चंद्रशेखरांनी पायावर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. टाउपो अजून सव्वा तास. "जरा थांब" एवढे दोन शब्द तोंडून निघत नव्हते. नातीशेजारी बसून ते रडकुंडीला आले.

"मोहन, पुढच्या गावाला, तिराउला थांब," नीलांबरी म्हणाली. "कॉफी घ्यायचीय."

"आत्ताच तर निघालो. आणि तू कधीपासून कॉफी प्यायला लागलीस?"

"इटलीत चहा कोण देणार मला? सवय करते. तिथे म्हणे लोक उठसूट कॉफी पितात. तालीम करायची तर नीट करू."

तिराउला कुत्र्याच्या आकाराची भलीमोठी पत्र्याची इमारत आणि शेजारी स्वच्छतागृहाची पाटी दिसली तसा चंद्रशेखरांचा जीव भांड्यात पडला. "उतरलोच आहोत, तर पाय मोकळे करतो," म्हणत ते कुणाची वाट न पाहता चालते झाले. परत आले ते गुणगुणतच.

टोकोरोआला नीलांबरीला पुन्हा कॉफी हवी झाली. मोहनने कपाळाला हात लावला.

"अगं, वेळापत्रकाची वाट लावलीस तू."

"लागू दे. मला हवीय."

वाइराकेइला तिसऱ्यांदा. चंद्रशेखर आता बाटलीतलं पाणी बिनघोर पीत होते आणि कमानीत मधला दगड बसवेपर्यंत सगळा डोलारा लाकडी आधारावर कसा उभा असतो, ते हातवारे करून सानिकाला सांगत होते. सुनेला ऐन वेळी कॉफीचं वेड लागावं, हे केवढं नशीब.

"सो कूल," सानिका म्हणाली. "आजोबा, यू हॅव टू कम."

टाउपोच्या तळ्याकाठी वारं सुटलं होतं. मोहनने बाकावर लॅपटॉप उघडला.

"बाबा, गाडीतून नीलांबरीचं जाकीट आणता का?"

जाकीट पुढच्या सीटवर होतं. ते उचलताना त्यांची नजर दाराच्या कप्प्यात गेली. झाकण लावलेले तीन कागदी कप तिथे दाटीवाटीने उभे होते. त्यांनी एक उचलला. जड होता. दुसरा उचलला, तिसरा उचलला. तिन्ही काठोकाठ भरलेले, गार झालेले. झाकणावर ओठांचा डाग नाही.

त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया दाटून आली. मग कप होते तसे ठेवून, जाकीट घेऊन ते बाकापाशी आले.

मोहन बायकोला सुनावत होता. "पन्नास मिनिटं उशीर. इटलीत तुझी ही थेरं चालणार नाहीत, आधीच सांगतो."

नीलांबरी तळ्याकडे बघत होती.

"तिला बोलू नकोस," चंद्रशेखर म्हणाले. "थांबावं मला लागतं. दर पाऊण तासाला. प्रोस्टेटचा त्रास आहे. लिही तुझ्या वेळापत्रकात."

मोहनने वर पाहिलं. मग बायकोकडे, मग पुन्हा वडिलांकडे.

"किती मिनिटं धरू?"

"दहा. आणि तिकिटं चार काढ."

मोहन खाली मान घालून टाइप करू लागला. नीलांबरीने जाकीट अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली.

"बाबा, प्रवासाला पुरतील एवढ्या गोळ्या एकदम लागतील. त्या माझ्याकडूनच घ्या. दोन-दोन बस कशाला बदलायच्या?"

चंद्रशेखरांनी नुसती मान हलवली.

परतताना टोकोरोआ आलं, तशी मोहनने न सांगताच गाडी बाजूला घेतली. चंद्रशेखर जाऊन आले. आल्यावर मात्र गाडीत बसले नाहीत. पुढचं दार उघडून उभे राहिले.

"उतर," ते सुनेला म्हणाले. "तुला चहा पाजतो."

नीलांबरीने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.