न दुखणारा टाका

झुंजींच्या अड्ड्यावरून सोडवून आणलेला तो आडदांड कुत्रा बघून दवाखान्यातल्या मावशींची बोबडीच वळली. "बाई, हात तोडेल हो हा!"

डॉक्टरीणबाईंनी जाड हातमोजे चढवून सुई-दोरा उचलला मात्र, कुत्रा आपणहून टेबलावर आडवा झाला. फाटलेली कूस वर करून त्याने डोळे घट्ट मिटले. शेजारच्या जुन्या जखमांत शिवणाचा काळा दोरा अजून तसाच होता.

"मेल्यांनी दर झुंजीनंतर भूल न देताच शिवलंय याला!" बाई कडाडल्या. मग त्यांनी ते जाड मोजे काढून ठेवले, जखमेपुरतं भुलीचं इंजेक्शन दिलं आणि थोडं थांबून पहिला टाका घातला.

दुखलं नाही. तेव्हा कुठे तो दचकला, आणि मान वळवून बाईंकडे बघतच राहिला.