रकान्यातले दहा आकडे

“माझ्या फोनला नावं ठेवायची नाहीत, सांगून ठेवतो!”

“फोनला कोण नावं ठेवतंय काका? मी नंबर विचारतेय. हा तुझा नंबर आहे का?”

“नाही.”

“मग तुझ्या फोनमध्ये आला कुठून?”

“ते तुझ्या त्या ॲपला विचार! तिसऱ्याचं बटण दाबलं आणि लिफ्ट पाचव्या मजल्यावर गेली, तर मी काय आतल्या माणसाला दम द्यायचो, की तू पाचव्यावर कशाला आलास?”

काकाने हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला. टेबलाचा एक पाय आखूड, त्यामुळे लॅपटॉप डुलला, चहाचा कप सरकला आणि भिंगरीने दोन्ही एकदमच पकडले. इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या या माणसाने, पण स्वतःच्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सारायला त्याला कधी वेळ झाला नव्हता.

साडेतीन वाजले होते. पाच वाजता गिझरवाले येणार होते.

गिझरवाले म्हणजे भिंगरीचं पहिलं खरं गिऱ्हाईक. त्यांची गिझर दुरुस्तीची चार दुकानं. त्यांना असं ॲप हवं होतं की ज्यात एकच बटण असेल: पाणी गरम होत नाही. गिऱ्हाइकाने ते दाबायचं, की त्याचा नंबर आपोआप दुकानात हजर. “एक अक्षर टाइप करायला लावायचं नाही,” गिझरवाल्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “अर्धी आंघोळ झालेला माणूस असतो तो. बोटं थिजलेली असतात. तो काय टाइप करणार, कपाळ?” शिवाय नंबर कुठल्या कंपनीचा तेही दिसायला हवं होतं, कारण दुकानात तीन कंपन्यांचे तीन फोन होते आणि एकाच कंपनीच्या दोन फोनांत आवाज स्वच्छ येतो, असा त्यांचा जुना समज होता. तो समज काढायच्या भानगडीत भिंगरी पडली नाही. कंपनीचं नाव फोन सहज सांगतो. नंबरही तिच्या फोनवर पंधरा दिवस रोज बरोबर येत होता.

पण गिझरवाले पक्के. “स्वतःच्या फोनवर सगळ्यांचंच चालतं,” ते म्हणाले. “परक्याच्या फोनवर दाखव. चाललं तर काम तुझं. नाही तर माझ्या मेहुण्याचा मुलगा आहेच, तो निदान शिकलेला तरी आहे.”

ते शेवटचं वाक्य भिंगरीला लागलं होतं. तिने दहावी अर्ध्यात सोडली, त्याला तीन वर्षं झाली होती. घरी बाबा अजून तिच्या कामाला ‘फोनशी खेळणं’ म्हणायचे. म्हणून ती लॅपटॉप उचलून काकाकडे यायची. काका काहीच म्हणायचा नाही. फक्त दर तासाला येऊन विचारायचा, “झालं का?”

आता काकाच्या फोनवर कंपनीचं नाव बरोबर येत होतं. हेही कमी नव्हतं, कारण काका कंपन्या बदलण्यात पटाईत होता. नंबर तोच ठेवायचा आणि कंपनीला लाथ मारायची. एक कंपनी सोडली कारण ती थांबवून ठेवून गाणी ऐकवायची. दुसरी सोडली कारण तिथल्या मुलीने त्याला ‘आजोबा’ म्हटलं. आत्ताची आठच दिवसांपूर्वी घेतली होती आणि तिच्यावरही त्याचं बारीक लक्ष होतं.

कंपनी बरोबर होती. नंबर मात्र काकाचा नव्हता.

नंबर बाबांचा होता.

भिंगरीला तो झोपेतसुद्धा पाठ होता. शाळेतल्या प्रत्येक फॉर्मवर तो लिहिलेला असायचा आणि हेडसर दर आठवड्याला तो फिरवून बाबांना तिचे पराक्रम सांगायचे. स्क्रीनवर ते दहा आकडे पाहून आधी तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिला वाटलं, आपणच कधीतरी चाचणीसाठी बाबांचा नंबर ॲपमध्ये घातला आणि काढायचा विसरलो. असं होतं. भल्याभल्यांचं होतं.

तिने सगळा कोड पालथा घातला. शोधा म्हटलं, ‘सापडलं नाही’ आलं. अर्धा नंबर घालून शोधला. उलटा घालून शोधला. मग चिडून ॲप पुसलं, नव्याने टाकलं. पुन्हा बाबा.

“झालं का?” काकाने विचारलं.

“तुझं सिम दे.”

“का?”

“दे म्हणते ना!”

सव्वाचारला तिने काकाचं सिम आपल्या जुन्या फोनमध्ये घातलं. पुन्हा बाबांचा नंबर. म्हणजे गडबड ॲपमध्ये नव्हती, काकाच्या फोनमध्येही नव्हती. नंबर सिमवर लिहिलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने सिम परत काकाच्या फोनमध्ये घातलं, सेटिंग उघडली आणि पार आत, जिथे कोणी कधी जात नाही अशा पानावर गेली. ‘माझा नंबर’ असा एक रकाना. त्यात बाबांचे दहा आकडे.

आणि मग तिला स्वतःच्या फोनचंही कोडं सुटलं. फोन घेतला त्या दिवशी हौसेने सगळी पानं उघडून पाहताना तिनेच या रकान्यात आपला नंबर भरला होता. पंधरा दिवस ॲप तिला तिनेच लिहिलेलं वाचून दाखवत होतं आणि ती टाळ्या पिटत होती. कंपन्या हा रकाना बहुतेक वेळा रिकामाच सोडतात. कोणी लिहिलं तर लिहिलं. बापड्या फोनला स्वतःचा नंबर माहीत असेलच असं नाही.

“काका, हे सिम आठ दिवसांपूर्वीचं ना?”

“हो. का?”

“त्यात बाबांचा नंबर कोणी लिहिला?”

काकाने एकदम खिडकीची कडी तपासायला घेतली. “कंपनीची चूक. भिकार कंपनी. बदलतो उद्याच.”

भिंगरीने त्याच्या पाठीकडे पाहिलं. बाबा आणि काका चार वर्षं बोलत नव्हते. कारण काय, तर ड्रिल मशीन. बाबांनी ते नेलं आणि परत दिलं तेव्हा वायर तुटलेली होती. काका म्हणाला, तू तोडलीस. बाबा म्हणाले, आधीच तुटलेली होती. त्यावरून जिन्यात अशी जुंपली की चारही मजल्यांची दारं उघडली. तेव्हा काकाने सगळ्यांदेखत फोन वर धरून बाबांचा नंबर पुसला होता. “हा बघा! गेला! आता मेलो तरी याला फोन करणार नाही!” त्या दिवसापासून तो त्यांना ‘तुझा बाप’ म्हणायचा आणि बाबा त्याला ‘तो लिफ्टवाला’.

घड्याळात साडेचार झाले होते. उपाय सोपा होता. रकान्यातले आकडे पुसायचे, काकाचे घालायचे. गिझरवाले येतील, बटण दाबतील, नंबर बरोबर येईल, काम तिचं. खोटं होतं, पण अर्ध्या मिनिटाचं होतं. तिने अंगठा रकान्यावर ठेवला.

काकाचा हात वरून आला. ग्रीसने कायमचा काळा झालेला, रुंद. त्याने फोन तिच्याकडून काढून घेतला नाही, फक्त स्क्रीन झाकली.

“त्याला हात लावायचा नाही.”

ओरडला नाही. म्हणून भिंगरी जास्त दचकली.

एवढ्यात दाराची घंटा वाजली. गिझरवाले अर्धा तास आधीच टपकले होते, चोर पकडायला आल्यासारखे.

ते आत आले, टेबलाशी बसले, टेबल डुललं तसे हात मागे घेऊन बसले. “हा फोन कोणाचा? यांचा? ठीक. दाखव.”

“काका, आपण दुसरा एखादा...” भिंगरी म्हणाली.

“हाच,” गिझरवाले म्हणाले.

फोनने पुन्हा विचारलं, या ॲपला तुमचा नंबर वाचू द्यायचा का? गिझरवाल्यांनीच ‘हो’ दाबलं. मग ते एकुलतं एक बटण दाबलं. कंपनीचं नाव आलं, खाली दहा आकडे आले.

“वा!” गिझरवाले म्हणाले. मग त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. “नंबर खरा असेल तर वाजेल.”

त्यांनी आकडे लावले आणि स्पीकर चालू केला. टेबलावरचा फोन ढिम्म. घंटा दुसरीकडेच कुठेतरी वाजत होती.

“हॅलो?” बाबांचा आवाज आला.

“कोण बोलतंय?” गिझरवाले.

“फोन तुम्ही केलाय. तुम्हीच सांगा.”

“मी गिझरवाला. तुमचं पाणी गरम होत नाही ना?”

“काय? जरा मोठ्याने बोला.”

“उजव्या कानाला लावायला सांगा,” काका कुजबुजला. “डाव्याने त्याला ऐकू येत नाही.”

पण काकाचं कुजबुजणं म्हणजे तीस वर्षं लिफ्टच्या विहिरीतून तळमजल्याच्या माणसाशी बोलणाऱ्याचं कुजबुजणं. फोनमध्ये एकदम शांतता झाली.

“तिथे कोण आहे?” बाबांनी विचारलं. मग फोन कट झाला.

गिझरवाले भिंगरीकडे वळले. “हे काय? माझा माणूस पाना घेऊन भलत्याच्याच मोरीत घुसेल! मार खाईल मार!”

भिंगरीने काकाकडे पाहिलं. काका पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

“माझी चूक,” ती म्हणाली. “चाचणीसाठी एक नंबर घातला होता. काढायचा राहिला.”

“राहिला? मग उद्या गिऱ्हाइकाचा नंबर दुसऱ्यालाच देशील आणि म्हणशील राहिला.” गिझरवाले उठलेच. “मला आधीच कळायला हवं होतं. माणसाने शाळा पुरी केलेली असली की निदान...”

“बसा,” काका म्हणाला.

“अहो, पण...”

“बसा म्हणतो ना! पोरीने काही ठेवलं नाही की काढलं नाही. तो नंबर मी लिहिलाय.”

गिझरवाले बसले. टेबल डुललं.

“ॲप बरोबर वाचतंय. जे लिहिलंय तेच वाचतंय.” काका खिडकीशीच बोलत होता. “दर वेळी नवीन सिम आलं की ती जागा रिकामी असते. मी भरतो.”

“पण तिथे दुसऱ्याचा नंबर कशाला?” गिझरवाल्यांना खरंच कळत नव्हतं. “नावांच्या यादीत ठेवा ना, जग ठेवतं तसा!”

“यादीत ठेवला तर लागतो चुकून. आणि कोणी बघितलं तर पंचाईत. तिथे ठेवला की लागत नाही आणि जातही नाही.”

गिझरवाल्यांनी एकदा काकाकडे पाहिलं, एकदा फोनकडे. मग घसा साफ करून ते धंद्यावर आले.

“म्हणजे त्या रकान्यात कोणीही काहीही लिहू शकतं?”

“हो,” भिंगरी म्हणाली. “आणि बहुतेकांचा रिकामाच असतो. माझ्या फोनवर चालत होतं, कारण मीच भरलेला होता. ते मला आजच कळलं. खरी चूक माझी ती.” आता बोललंच आहे तर पुरतं बोलू, असं तोंड करून तिने पुढचं सांगितलं. “गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय होणार नाही. नंबर दिसला तर ‘हा तुमचाच का’ म्हणून. नाही दिसला तर टाइपच. तुमच्या मेहुण्याच्या मुलालाही हेच करावं लागेल.”

गिझरवाल्यांनी स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरली, ती थिजल्यासारखी वाकडी केली आणि हवेत दहा आकडे दाबून पाहिले.

“आकडे मोठे ठेव,” ते म्हणाले. “अंगठ्याएवढे.”

“ठेवते.”

“आणि सोमवारी दुकानात ये.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तेच मघाचे आकडे पाहिले आणि फोन गरम भांड्यासारखा काकाकडे सरकवला.

काकाने तो बराच वेळ वाजू दिला. मग उचलला.

“हां,” तो म्हणाला. “हां, मीच.”

भिंगरी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली. टाइप मात्र काहीच करत नव्हती.

“कोणी दिला नाही. होता माझ्याकडे... का म्हणजे? होता!... तो गिझरवाला आहे, चांगला माणूस आहे, तू त्याच्यावर कशाला खेकसलास?” काका खोलीत फेऱ्या मारायला लागला. “मी नाही ओरडत, तूच ओरडतोयस!... काय? आधीच? आधीच तुटलेली? अरे, तुझ्या हातात मशीन दिलं तेव्हा मी स्वतः...” एका पायाने तो चपला शोधत होता. एक सापडली, दुसरी भिंगरीने ढकलून दिली. “दाखवतोच तुला!... नाही, नाही दादा, हे असं फोनवर नाही व्हायचं. थांब. घरीच आहेस ना? थांब तू!”

त्याने फोन कट न करताच गिझरवाल्यांच्या हातात दिला. आतून बाबांचा आवाज अजून तावातावाने येतच होता. काकाने शर्टाची वरची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं.

“मला निघायला हवं आता,” तो म्हणाला.