एकट्याचा ग्रुप

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. एका अंगाने टेलिफोनची तार पोटात घ्यायची, दुसऱ्या अंगाने कम्प्युटरची, आणि मधल्या मधे किंचाळायचं, हा माझा धंदा. इंटरनेट लावायचं म्हटलं की मी असा काही ओरडायचो की मंठा गावात समोरच्या हॉटेलातलं दूध नासायचं. खोटं वाटतं? हॉटेलवाल्या कचरूला विचारा. तो नाही म्हणेल, पण तो दूधच मुळात नासकं घ्यायचा, त्याला काय कळणार!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगता येत नाही. पोटाखालच्या कागदावर दूरच्या देशाचं नाव होतं, ते घामाच्या हातांनी पुसलं गेलं. मी पहिल्यांदा डोळे उघडले ते जालन्याच्या दुकानात. म्हणून मी स्वतःला जालन्याचाच समजतो. दोन हजार एक साली राधाकिसनने मला विकत घेतलं आणि एसटीत लेकरासारखं मांडीवर बसवून मंठ्याला आणलं. तिथे त्याचा कम्प्युटर क्लास होता. त्याची बायको आसराबाई हिने मला हळदकुंकू लावलं. हळद आत गेली आणि पहिले काही दिवस मी जरा खोकतच ओरडलो.

राधाकिसन हुशार, त्यात शंका नको. त्याने ‘दिनमान’ नावाचा प्रोग्राम लिहिला होता. कम्प्युटरवर मराठी पंचांग दिसायचं. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, कुठली जत्रा केव्हा, पोळा कधी, सगळं त्यात. आणि गंमत अशी, की हा प्रोग्राम फुकट. त्याच्या आतली सगळी कारागिरी उघडी. कुणीही बघावी, दुरुस्त करावी, प्रत घरी न्यावी. सप्त्याच्या स्वयंपाकासारखं म्हणा ना. कुणी पीठ आणतं, कुणी सरपण आणतं, कुणी नुसता ढवळत बसतो, आणि पंगत सगळ्यांची.

या कामासाठी इंटरनेटवर एक ग्रुप होता. ग्रुपला मेल पाठवला की तो सगळ्यांना जायचा, पाठवणाऱ्यालाही परत यायचा. एकदा गेलेला मेल कुणाला पुसता यायचा नाही. बदनापूरचा भुजंग ग्रुपमध्ये होता, जाफराबादचे निवृत्त शिक्षक कडूबा गुरुजी होते, आणखी बरेच होते. सगळ्यांचे शब्द माझ्या घशातून जायचे.

राधाकिसनच्या शब्दांना मात्र काटे असायचे. भुजंगने एकदा परतूरचा बाजार चुकीच्या वारी टाकला. राधाकिसनने सगळ्यांसमोर लिहिलं, “भुजंगरावांना वार कळत नाहीत. त्यांच्या बायकोने रोज सकाळी कानात सांगत जावं.” ग्रुप पोट धरून हसला. पुढे दुसऱ्याची पाळी आली, तेव्हा भुजंगही हसला. जो सोलला जात नव्हता, तो हसत होता.

शेवटी कडूबा गुरुजींनी लिहिलं, “आपण वागणुकीचे काही नियम करू.”

“बराबर आहे गुरुजी,” असं उत्तर देऊन राधाकिसनने स्वतःच नियम लिहिले. फार सुंदर लिहिले हो! चूक दाखवावी, माणूस सोलू नये. नव्या माणसाला हसू नये. ज्याने सगळ्यांसमोर दुखावलं, त्याने सगळ्यांसमोरच माफी मागावी. दिनमान उघडला की आधी हे नियम दिसायचे, मग पंचांग. राधाकिसनचं इतकं कौतुक झालं की त्याचे मेल आणता आणता मी तापलो आणि आसराबाईने माझ्यावर पापड सुकवले.

आता बेबीनंदाबद्दल सांगतो. ती टेंभुर्णीची. लग्नानंतर वर्षभरात नवरा तिला माहेरी सोडून कुठे निघून गेला, ते कुणाला कळलं नाही. ती गावात मुलांना कम्प्युटर शिकवायची. दिनमानमध्ये काम करणाऱ्यांची नावं शेवटी यायची. तिथे ‘बेबीनंदा, टेंभुर्णी’ एवढंच यावं, पुढे मागे कुणाचं नाव नको, अशी तिची इच्छा होती. तसं तिने ग्रुपला लिहिलंही होतं.

तिच्या ध्यानात आलं की दिनमानला धोंड्याचा महिना ठाऊकच नाही. दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना जास्तीचा येतो, जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, तो अधिक महिना. दोन हजार चार साली श्रावण दोनदा येणार होता. तिने महिनाभर खपून दुरुस्ती पाठवली. खाली लिहिलं, “पहिलंच काम आहे. चुकलं असल्यास सांगावं.”

चुकलं होतं. तिच्या दुरुस्तीने दर वर्षी तेरा महिने यायला लागले. राधाकिसनने दोन ओळींत चूक दाखवली असती, तर तिने ती चार दिवसांत काढली असती. त्याने बोटं मोडली आणि लिहायला घेतलं. मी वाहून नेलेला मेल जसाच्या तसा सांगतो:

“टेंभुर्णीच्या बाईंनी दरसाल धोंडा आणला आहे. जावई तर कधीच पळाला, आता धोंडे कुणाला खाऊ घालणार? ज्यांना वर्षाचे महिने मोजता येत नाहीत, त्यांनी घरी गोवऱ्या मोजाव्यात.”

बेबीनंदाने तो मेल क्लासमध्ये उघडला. पोरं मागे उभी होती. मोठ्याने वाचायची त्यांना नवीनच सवय लागली होती. त्यांनी वाचला.

दोन दिवसांनी ती आणि कडूबा गुरुजी एसटीने मंठ्याला आले. मी टेबलावरच होतो.

“भाऊ, दुरुस्ती माझी चुकलीच व्हती,” बेबीनंदा म्हणाली. “त्याचं काही न्हाई. पन पळाला, धोंडे, हे कशाला? सगळ्यांम्होरं लिहिलं, आता सगळ्यांम्होरं दोन वळी लिहा.”

“मस्करी होती ती. एवढं मनाला लावून घेणाऱ्यानं प्रोग्रामच्या वाटेला यायचंच न्हाई.”

“राधाकिसन, नियम तूच लिहिले ना?” गुरुजींनी विचारलं.

“नव्या लोकांसाठी लिहिले गुरुजी. मी काय नवा हाय? हे लेकरू माझं हाय!”

आसराबाई चहा घेऊन आली. “घरात बी असंच बोलून राह्यलेत, गुरुजी. मला वाटलं, निदान मिशिनीत तरी गोड बोलत असतील.”

“तू गप. आत जा!”

बेबीनंदाने चहाला हात लावला नाही. “मंग दिनमानची प्रत आम्ही नेऊ का?”

“न्या की, जल्दी न्या! उघडंच हाय. तुमच्यानं एक जत्रा बी बराबर लागायची न्हाई.”

“लागंल. न्हाई लागली तर एकमेकांना नीट सांगू,” ती म्हणाली आणि उठली.

त्या आठवड्यात ग्रुपमधून एकेक माणूस निघून गेला. निरोपाचे शब्दही कुणी लिहिले नाहीत. बदनापूरला भुजंगच्या घरी त्यांनी नवा ग्रुप काढला. बेबीनंदाची दुरुस्ती भुजंगने तिच्याशेजारी बसून नीट केली. तिथे यादीत तिला हवं तसं नाव लागलं. त्यांचं कामही उघडंच होतं. राधाकिसनला दुरुस्ती फुकट उचलता आली असती. पण तिच्या हातचं घ्यायचं? बिलकुल नाही!

त्याने आपलंच पंचांग कागदावर छापून वाटलं. एक कागद त्याचा धाकटा भाऊ बिरू याने पागोट्यात खोवला आणि मेंढरं घेऊन लांब निघून गेला. तिकडे रानात त्याला कोण सांगणार, की धोंडा चालू आहे? कागदाने पोळा म्हटलं, अवस दिसली, म्हणून बिरू मेंढरं सोबत्यावर सोपवून, वाटेत बैलांना झुली आणि शिंगांना रंग घेऊन चालत गावी आला. घरच्या बैलांची शिंगं रंगवून तो वेशीत उभा राहिला. वेशीत दुसरा एकही बैल नव्हता. गाव धोंडे खात होतं. म्हणतात, त्या दिवशी गाव इतकं हसलं की पिंपळावरचे बगळे उडाले ते पोळा झाल्यावरच परत आले. ते मला ठाऊक नाही. पण बिरू रंगाच्या हातांनी क्लासमध्ये आला, ते मी पाहिलं.

“दादा,” तो म्हणाला, “तुला येवढं कोन हसलं व्हतं का कधी?”

बिरू गेल्यावर राधाकिसनने ग्रुपला लिहिलं, “पोळा महिनाभर आधी दिसतो आहे. कुणीतरी बघा.” मी ओरडलो, मेल नेला, परत आणला. त्याने घाईने उघडला. त्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी लिहिलं, “मूर्खांनो, मेलात का सगळे?” तोही मी नेला, आणि तोही परत आणला. पहिल्यांदाच राधाकिसनचा शब्द राधाकिसनला लागला.

मग बरेच दिवस त्याने मला हात लावला नाही. खऱ्या पोळ्याच्या दुपारी बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, तेव्हा तो खुर्चीवर बसला आणि हळूहळू टाइप केलं, “बेबीनंदाताई, मी लिहिलं ते वाईट लिहिलं. सगळ्यांसमोर लिहिलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो.”

मी जिवाच्या आकांताने किंचाळलो. बदनापूरला पोचावं, टेंभुर्णीला पोचावं, असं फार वाटलं. पण मेलवर पत्ता त्या जुन्या ग्रुपचाच होता, आणि ग्रुपमध्ये उरलेलं नाव एकच. थोड्या वेळाने मेल आला.

“कुणाचा आला हो?” आसराबाईने दारातून विचारलं.

“माझाच,” राधाकिसन म्हणाला.

मित्रांनो, पुढे नवं इंटरनेट आलं. आता मी भांडं हरवलेल्या मिक्सरशेजारी, पत्र्याच्या डब्यात पडलो आहे. माझी धूळ नाही पुसली तरी चालेल, आम्ही यंत्रं सोसतो. पण आमच्यातून काही पाठवाल, तेव्हा पलीकडे पोरांसमोर मेल उघडून बसलेली एक बेबीनंदा आहे, हे लक्षात ठेवा. आणि माफी मागायची झालीच, तर ती ऐकायला माणसं शिल्लक आहेत तोवर मागा.