मुडदे जास्त, माणसं कमी

"झॉम्बी कोण कोण होणार?" उन्मेषने विचारलं आणि मंडळाच्या सभागृहातले सगळे हात एकदम वर गेले.

"आणि माणसं?"

हात खाली आले. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, कुणाला एकदम तहान लागली.

उन्मेष गार्डन रीचच्या जहाज कारखान्यात अभियंता होता. बदलीवर कोलकात्याला आल्यापासून इथल्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाचं नाटक त्याच्याच गळ्यात पडत आलं होतं. यंदा नेहमीचं प्रहसन नको, म्हणून त्याने झॉम्बींचं नाटक लिहिलं होतं. बागबाजारच्या जुन्या मराठा खंदकातून मुडदे उठतात आणि शहर खात सुटतात.

"झॉम्बीला डायलॉग नसतात ना, बाबा," त्याची नववीतली मुलगी नूपुर सगळ्या मुलांच्या वतीने म्हणाली. "माणूस झालं की मराठी बोलावं लागतं. मला तर 'ळ' पण येत नाही."

पहिल्या रांगेत सुनीतीबाई संहिता वाचत होत्या. जन्म बागबाजारचा, आणि नोकरीही इथल्याच एका शाळेत इतिहास शिकवण्याची. त्यांनी चष्मा काढला.

"उन्मेष, मराठ्यांना अडवायला तो खंदक खणला खरा, पण मराठे तिथवर आलेच नाहीत. मग हे मुडदे कुणाचे?"

"काकू, नाटक आहे हो."

"बरं, असू देत. तसंही या मुलखात पोरांना भीती घालायला बर्गी म्हणून आपण मराठेच होतो." त्यांनी पानं उलटली. "पण यात मुडदे जास्त झालेत आणि माणसं कमी. पहिल्या प्रवेशात चावतात, दुसऱ्यातही चावतात. कुणी कुणाशी दोन शब्द बोलत नाही."

"लोक मुडदे बघायलाच येणार, काकू."

"मुडदा एकदा बघितला की बघितला. घरचाच माणूस मुडदा होऊन दारात उभा राहिला तर बायको काय करते, त्यासाठी लोक जागेवर थांबतात."

बरीच घासाघीस झाली. अखेर शेवटचा प्रवेश सुनीतीबाईंना मिळाला, लिहायलाही आणि त्यातली बायको करायलाही. बायको दारातल्या झॉम्बी नवऱ्यापुढे मन मोकळं करणार आणि मग काळजावर दगड ठेवून त्याच्या डोक्यात लाटणं घालणार. ते झालं रे झालं की बाकीचे सगळे झॉम्बी घरात घुसणार आणि पडदा पडणार. मन किती वेळ मोकळं करायचं, यावर मात्र दोघांचं एकमत होईना.

"पण नवरा कोण होणार?" उन्मेषने विचारलं.

मागच्या रांगेतून एक डावा हात वर आला. तो श्यामरावांचा, म्हणजे सुनीतीबाईंच्या यजमानांचा होता. एके काळी मंडळाच्या नाटकांत नायक तेच आणि दिग्दर्शकही तेच. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून उजवा पाय ओढत चालायचे आणि शब्द तोंडाशी येऊन अडकायचे. सुनीतीबाई त्यांना कुठेही एकटं सोडत नसत, म्हणून ते बरोबर येत आणि गप्प बसून राहत.

"मी... मु..."

"मुगाची खिचडी घरी गेल्यावर टाकते," सुनीतीबाई मागे न वळताच म्हणाल्या.

श्यामरावांनी मान हलवली. "मु... मुडदा."

हसावं की नाही, ते कुणालाच कळेना. श्यामराव स्वतःच हसले, अर्ध्या तोंडाने, आणि त्यांनी आपल्या पायाकडे बोट दाखवलं.

"चाल... त... तयार आहे."

तालीम संपल्यावर सुनीतीबाईंनी उन्मेषला जिन्यात गाठलं. श्यामराव खाली नूपुरचा हात धरून उभे होते.

"त्यांना नाही म्हणून सांग."

"काकू, ते आपणहून—"

"ज्यांनी या माणसाला राजा म्हणून बघितलंय, त्यांच्यासमोर तू त्याला भूत करून फिरवणार? माझ्याच्याने ते बघवणार नाही."

उन्मेषने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी, सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत तो सभागृहाच्या दारात आला आणि तिथेच थांबला. आत नूपुर आणि तिचं मुडद्यांचं टोळकं रांगेत चालत होतं. श्यामराव खुर्चीत बसून काठीने जमिनीवर ठेका देत होते.

"पाय... उ... उचलू नको. ओढ." काठी आपटली. "आणि ह... हसू नको. मेलीस तू!"

"सॉरी, आजोबा."

"मे... मेलेला सॉरी म्हणत नाही."

पोरं खिदळली. उन्मेषने बाजूला पाहिलं. खांबाआड सुनीतीबाई उभ्या होत्या, हातात पाण्याची बाटली घेऊन. आत जायला म्हणून त्यांनी एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. बाटलीचं झाकण त्या उघडत आणि लावत राहिल्या.

"बायकोचं भाषण मात्र आहे तेवढंच राहील," त्या उन्मेषला म्हणाल्या. "एक ओळ कापू देणार नाही."

वर्धापनदिनाला सभागृह भरलं. खंदकातले मुडदे उठले, चावले, लोकांनी टाळ्या दिल्या. एका मुडद्याची दाढी गळून पडली, तेव्हा जास्तच दिल्या. मग शेवटचा प्रवेश आला. रंगमंचावर टेबल, खुर्ची, शेगडी, आणि हातात लाटणं घेतलेल्या सुनीतीबाई. दाराच्या चौकटीत श्यामराव येऊन उभे राहिले. तोंडाला राख फासलेली होती, तरी लोकांनी त्यांना ओळखलं. टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यावरच विरल्या.

सुनीतीबाईंनी भाषणासाठी तोंड उघडलं. शब्द आला नाही. विंगेतून उन्मेषने पहिली ओळ कुजबुजून सांगितली. त्यांनी ऐकली, असं वाटलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"चपला बाहेर," त्या म्हणाल्या.

सभागृहात हशा पिकला. श्यामरावांनी खाली बघितलं. पायात पट्ट्याच्या सँडल होत्या. ते चौकटीला टेकले, कसेबसे वाकले आणि डाव्या हाताने पट्टा शोधू लागले. हात घसरला. पुन्हा घसरला. हसू हळूहळू ओसरलं. सुनीतीबाई पुढे झेपावल्या, पण तीनच पावलांवर थबकल्या. त्यांनी लाटणं दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं, की जणू ते सुटलं तर त्या स्वतःच पळत सुटतील.

पट्टा निघाला. मग दुसरा.

श्यामराव अनवाणी पाय ओढत आत आले आणि खुर्चीत बसले. राखेतून घामाचे ओघळ आले होते.

"च..." ते म्हणाले.

पुढचा शब्द सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळला होता. सुनीतीबाईंचे ओठ हलले आणि मिटले. त्या थांबून राहिल्या.

"च... चहा."

त्यांनी लाटणं टेबलावर ठेवलं आणि शेगडीवर आधण ठेवायला वळल्या. भांडं रिकामंच होतं.

विंगेत सगळं टोळकं एकमेकांना ढकलत उभं होतं. नूपुरने बाबाची बाही ओढली.

"बाबा, आम्ही घुसायचं ना आता? लाईटवाले काका पण विचारतायत."

उन्मेषने आडवा हात धरून सगळ्या मुडद्यांना मागे सारलं.

"थांबा जरा," तो म्हणाला. "चहा होऊ दे."