बलस्थानांचा रकाना

फळ्यावर शॅरनच्या नावापुढं अकरा कागदी फुलं होती. केडगाव स्टेशनाजवळच्या त्या समुपदेशन केंद्रात एवढी फुलं दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

दर सोमवारी रविराज सर सगळ्या समुपदेशकांना गोल करून बसवत. नियम एकच : उणं काढायचं नाही. आपण पेशंटचं बलस्थान सांगायचं, मग सर सांगणाऱ्याचं बलस्थान सांगणार आणि फूल चिकटवणार. पद्धत वाईट नव्हती हो. आधीच्या साहेबांची बोलणी खाऊन दोघीजणी नोकरी सोडून गेल्या होत्या. सरांनी खचलेली माणसं उभी केली. शॅरन त्यांतलीच.

त्या सोमवारी मात्र ती उणंच सांगायला उभी राहिली.

"सर, वडगाव रासाईच्या गिताबाईंनी नदीत उडी घेतली. नवऱ्यानं ओढून काढलं म्हणून वाचल्या. शिरूरच्या दवाखान्यात आहेत."

शॅरननं जुना कागद पुढं धरला.

"दहा दिवसांपूर्वी मला म्हणाल्या होत्या, दुभती शेळी नणंदेला दिली, पाटल्या सुनेला, नवं लुगडं शेजारणीला. झोप नाही, जेवण नाही आणि बाई सगळं वाटत सुटलेली. मी बलस्थानाच्या रकान्यात काय लिहिलं? 'दातृत्व.' ही निरवानिरव होती, सर. मी विचारलंच नाही. चुकले मी."

'दातृत्व' या शब्दाला सरांनीच फूल दिलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बघा, केवढा प्रामाणिकपणा! हे शॅरनचं बलस्थान."

बारावं फूल चिकटलं. टाळ्या पडल्या. शॅरनला त्या कानफटात बसल्यासारख्या लागल्या.

घरी तिचे वडील, स्टीफन, तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी ठोकत सूर लावत होते. चाळीस वर्षं चर्चमधल्या कीर्तनाला त्यांचीच साथ.

"पप्पा, चूक कबूल केली तर टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"टाळ्या वाईट न्हाईत गं. वाहवा नसंल तर बुवाचा गळा खुलत न्हाई. पण सम चुकली की मी तबल्यावरनं हात उचलतो. बुवा केवढा का मोठा असंना! चुकीलाच ठेका धरला, तर समदी मंडळी तेच गात बसणार."

"मग माझ्यापुढं हात कुणी उचलायचा?"

"जिच्या जिवावर बेतलं, तिला इचार."

दुसऱ्या दिवशी ती शिरूरला गेली. खाटेशेजारी गिताबाईंचे मालक मल्हारी आबा बसले होते. "या बाई! कागद आणलाय न्हवं? आज काय चांगलं लिवताय आमच्यात?"

गिताबाई छताकडं बघत बोलल्या. "तुला समदं सांगितलं व्हतं पोरी. एकेक सांगून तुझ्या तोंडाकडं बघत व्हते. म्हनलं, आता इचारंल, 'का वाटताय, मावशी?' एवढं इचारलं असतंस तर रडले असते. तू हसलीस. 'केवढं मोठं मन तुमचं!' म्हनलीस. मला वाटलं, शिकलेली बाई बी व्हय म्हंतीया, म्हंजी आपलं बराबरच चाललंय."

"चुकले मी, मावशी."

"व्हय. चुकलीस."

हाच शब्द ऐकायला ती आली होती. कबुलीमागं क्षमा येते, हे तिनं लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. गिताबाईंनी कूस बदलली. "आता तू येऊ नगंस. दुसरी कुनी असंल तर धाड."

पुढच्या सोमवारी नवी आलेली सायली वाचत होती, "कासुर्डीचे आप्पा. महिनाभर रडत होते. या आठवड्यात एकदम शांत झालेत. जमिनीचे कागद मुलांच्या हवाली केले. बलस्थान : मनाची स्थिरता."

सरांनी फुलांची डबी उघडली. शॅरननं तिच्यावर हात ठेवला.

"थांबा सर. सायली, मरायचं मनात येतं का, असं विचारलंस त्यांना?"

सायलीचा चेहरा उतरला. "न्...नाही ताई."

"शॅरन, आपला नियम—"

"फोन लाव, सायली. आत्ता, इथूनच."

बराच वेळ घंटी वाजली. मग आप्पांनी उचलला. सायलीनं चाचरत विचारलं. पलीकडून आधी 'काही नाही, काही नाही', आणि मग म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. सायली फोन घेऊन तशीच निघाली, गाडी कासुर्डीला काढायला.

सरांनी डबी मिटून ठेवली. महिनाअखेरीचा समुपदेशकांच्या बलस्थानांचा अहवाल त्यांनी नेहमीसारखाच नेटका लिहिला. त्यात उण्याला रकानाच नव्हता. शॅरनच्या नावापुढची ओळ त्यांनी कोरी सोडली.