बोटभर फीत

१९७४ साली आमच्या आष्ट्याच्या मैदानावर आम्ही आटपाडीच्या कबड्डी संघाला एका गुणाने हरवलं आणि ढाल जिंकली, ती आमचा चढाईवाला गुंडा याच्या शेवटच्या चढाईवर. रेडिओचे देशमाने खांद्याला अडकवायचा नवा टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. मी संघाचा चिटणीस. हौसेने त्यांचा माईक थेट मध्यरेषेच्या टोकाला रोवून दिला. दुसऱ्या कुणी नव्हे, मीच.

बुधवारी संध्याकाळी कार्यक्रम लागायचा होता. सोमवारी देशमाने टेप ऐकवायला आले. आमचे अध्यक्ष हंबीरराव, पलटणीतले निवृत्त सुभेदार, ऐटीत पुढे बसले. टेप फिरली. "कबड्डी कबड्डी कबड्डी", आणि मध्येच स्पष्ट श्वास ओढल्याचा आवाज! गर्दीच्या गोंगाटात पंचांना तो ऐकूच गेला नव्हता. दम मोडला की चढाईवाला बाद, हे कुणालाही ठाऊक.

गुंडाने टेप तीनदा लावायला सांगितली. "मला बी कळलं न्हाई," तो म्हणाला. माझा विश्वास बसला.

"ह्यो आवाज काडता येतो का?" हंबीररावांनी विचारलं.

"येतो की. पण पुढची तीन वर्षं माईक मध्यरेषेलाच लावू द्यायचा," देशमाने म्हणाले.

"दिला शब्द."

देशमान्यांनी ब्लेडने फितीचा बोटभर तुकडा कापला आणि टोकं चिकटवली. पुन्हा लावली तर दम अखंड! खोटं कशाला बोलू, मला तोंडात बोटं घालायचीच वेळ आली. गुंडाने तुकडा उचलून उजेडात धरला.

"ह्यात माजा दम हाय व्हय?"

"आहे."

त्याने तो खिशात टाकला.

बुधवारी चौकात हंबीररावांच्या ट्रान्झिस्टरभोवती गाव लोटलं. गुंडाच्या पाठीवर थापा पडत होत्या. शेवटची चढाई सुरू झाली, तसे मी कान टवकारले. जोड कुठेच कळेना. तेवढ्यात माझ्याशेजारी गुंडाने मोठ्याने श्वास ओढला. सगळे वळले.

"हितं," तो म्हणाला, "हितं मोडला हुता माजा दम. ह्यो बगा," आणि तुकडा वर धरला.

हंबीरराव लालबुंद झाले. रेडिओवर टाळ्या चालूच होत्या. मला लाज वाटली, आणि गुंडाचा अभिमानही.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने तो स्वतः ढाल आटपाडीला देऊन आला.

शब्द दिला होता, म्हणून पुढच्या वर्षीही माईक मध्यरेषेलाच लावला. अंतिम सामना होता जत आणि आटपाडीचा. या खेपेला माईकला जोडलेला इअरफोन कानाला लावून दम ऐकायला एक जादा पंच बसवायचं ठरलं. कुणाला बसवायचं, यावर दोन्ही संघांनी एकच नाव दिलं.

गुंडाचं.