कालप्रमाणे चालू

मी एक जुनी औषधांची ट्रॉली आहे. एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात माझी उभी हयात गेली. माझं एक चाक कुरकुरतं आणि मधला खण ओढला की अडकतो. मित्रांनो, कुरकुरणं हा माझा स्वभावच समजा आणि ऐका.

मी नवी होते तेव्हा माझा थाट काय वर्णावा! पांढराशुभ्र रंग, सहा खण आणि मला ढकलायला खुद्द मोठ्या सिस्टर. जंतुसंसर्ग अंगभर पसरून पेशंट कोसळला, की त्याला सेप्सिस म्हणतात. असा पेशंट आला की सिस्टर मला घेऊन धावत. आधी तपासणीसाठी रक्त काढायचं आणि तासाच्या आत वरच्या खणातलं सर्वांत जालीम प्रतिजैविक सुरू करायचं. यात त्यांनी कधी मिनिटाची कसूर केली नाही. मरणाच्या दारातून माणसं परतली. नातेवाईक सिस्टरचे हात धरून रडत. माझा दांडा कोण धरणार? पण मलाही धन्य वाटे.

घोडं पेंड खायचं ते तिसऱ्या दिवशी. तेव्हा रक्ताचा रिपोर्ट येई. तो पाहून साधं औषध पुरेल का, औषध थांबवायचं का, हे ठरवायचं असतं. पेशंटच्या औषधांच्या कागदावर त्यासाठी रकानाही होता: ‘कधी थांबवायचं’. तो भरलेला मी कधी पाहिला नाही. रोज सकाळी सिस्टर आदल्या दिवसाचा कागद पुढे ओढत आणि लिहीत, ‘कालप्रमाणे चालू’. मोठे डॉक्टर न वाचता सही ठोकत.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई कितीदा तरी जिने चढून आल्या.

“अहो सिस्टर, हा पेशंट बरा झालाय. इतकं जालीम औषध अजून कशाला? जंतू सरावतात हो त्याला!”

“बाई, सुरळीत चाललंय ना? मग नसती उठाठेव कशाला? बंद केलं आणि काही झालं, तर उत्तर कोण देणार? तुम्ही?”

मोठे डॉक्टर हसले. मलाही तेव्हा सिस्टरचंच पटलं. त्याची आज लाज वाटते.

जंतू सरावले. आधी एक औषध निकामी झालं, मग दुसरं. माझे खण मात्र नेहमीसारखे गच्च भरलेले असत.

आणि एका सकाळी सहा नंबरच्या खाटेवर मोठ्या सिस्टरच आल्या. पित्ताशयाचे खडे काढल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि रक्तदाब कोसळला. तासाच्या आत औषध सुरू झालं. उतार पडेना. मग डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या.

सिस्टरच्या लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. “एवढी भरलेली ट्रॉली आहे. यातलं एकही चालणार नाही?”

“नाही गं बाळा. हे जंतू याच वॉर्डात वाढलेत. यातलं एकही औषध त्यांना मारत नाही.”

सिस्टर शुद्धीत होत्या. त्यांनी खुणेने आपला कागद मागितला. त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून त्या लेकीकडे बघत राहिल्या. “माझंच चुकलं,” एवढंच त्या बोलल्या. दोन दिवसांनी दुपारी त्या गेल्या. त्यांनी वाचवलेली माणसं मी पाहिली होती, आणि खुद्द सिस्टरना वाचवायला माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सिस्टरनी सगळ्या खाटांचे कागद पुढे ओढले. सहा नंबरचाही. त्यावर लिहिलं, ‘कालप्रमाणे चालू’. मोठ्या डॉक्टरांनी सही ठोकली. मला ढकलत त्या खाटेपर्यंत नेलंसुद्धा. खाटेवर धुतलेली चादर होती.

मित्रांनो, मला नवा रंग नको, चाकाला तेलही नको. तुमच्यातलं कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी सिस्टर. तेवढा तो एक रकाना भरत जा.